तिसरी पिन आणि तुटलेला न्यूट्रल

३ मे १९७२. वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘टॉप रँक’ सभागृहात ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा कार्यक्रम होता. गिटारवादक लेस हार्वी मंचावर होता. गळ्यात गिटार असताना त्याने मायक्रोफोनला हात लावला आणि तो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. ध्वनियंत्रणेचं अर्थिंग नीट नव्हतं. हार्वी त्यातच गेला.

चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, ‘यार्डबर्ड्स’ या गाजलेल्या बँडचा एकेकाळचा गायक कीथ रेल्फ लंडनमध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवत होता. त्याच्याही गिटारचं अर्थिंग सदोष होतं. तो ३३ वर्षांचा होता. ‘रोलिंग स्टोन्स’चा कीथ रिचर्ड्स मात्र वाचला. डिसेंबर १९६५ मध्ये सॅक्रामेंटोच्या मंचावर त्याच्या गिटारच्या तारा मायक्रोफोनच्या स्टँडला टेकल्या, ठिणगी उडाली आणि तो बेशुद्ध पडला. त्याच्या बुटांचे तळवे रबरी होते म्हणून तो जिवंत राहिला, असं नंतर सांगितलं गेलं.

तिन्ही माणसं संगीतातली, रोज यंत्रांशी खेळणारी. घात झाला तो एकाच ठिकाणी. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. त्या सांगाड्यात आतून कुठेतरी फेज उतरला आणि त्याला जमिनीकडे जायला वाट नसली, तर तारांवर थेट मेन्सचा दाब येऊन बसतो. वाजवणाऱ्याला काही कळत नाही, कारण त्याचे पाय कोरड्या लाकडावर असतात. मग तो दुसऱ्या हाताने मायक्रोफोन पकडतो. त्या मायक्रोफोनचा सांगाडा वेगळ्या यंत्राकडून जमिनीशी जोडलेला असतो. प्रवाहाला वाट मिळते, आणि ती एका हातातून दुसऱ्या हाताकडे, छातीतून जाते.

घरातल्या साऊंड सिस्टीमची स्थिती यापेक्षा फार वेगळी नसते. ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, टर्नटेबल, सेट टॉप बॉक्स, संगणक अशी पाच-सहा यंत्रं वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतात आणि सिग्नलच्या केबलींनी एकमेकांना बांधलेली असतात. एकाच्या पोटातला बिघाड दुसऱ्याच्या धातूच्या पट्टीवर निघू शकतो. म्हणून घरच्या संगीताच्या सुरक्षिततेची गोष्ट दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही खोक्यापासून सुरू होत नाही. ती प्लगच्या तिसऱ्या पिनेपासून सुरू होते.

भारतीय प्लगची वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. यंत्राला वीज मिळण्याआधी त्याचा सांगाडा जमिनीशी जोडला गेला पाहिजे, एवढा साधा विचार त्या लांबीत आहे. सांगाड्यात फेज उतरला तर प्रवाह हिरव्या वायरमधून जमिनीकडे धावतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो आणि यंत्र मुकाट होतं. माणसाचा हात लागण्याआधीच.

पण एमसीबी माणसासाठी बसवलेला नसतो, हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतं. तो भिंतीतली वायर तापून पेटू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत निवांत बसून राहतो. आणि माणसाला किती लागतं? अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातातून प्रवाह सोडून याची मोजमापं केली. एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या येतात. पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये साधारण साडेदहा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात, की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने धरून ठेवलं’ असं आपण म्हणतो ते हेच. शंभर मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह छातीतून काही क्षण गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. शंभर मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दहावा भाग. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही नसते.

डॅल्झील यांनी याच आकड्यांवरून पुढे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं उपकरण घडवलं. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा. कमी आला तर उरलेला कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातो आहे, हे त्यामागचं तत्त्व. आज आपल्याकडे तेच काम आरसीसीबी करतो. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. त्यावर ‘३० एमए’ असं लिहिलेलं असावं. १०० किंवा ३०० एमएचेही मिळतात, पण ते आगीपासूनच्या बचावासाठी असतात. त्याच्या अंगावरचं ‘टी’ हे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं असतं. बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं, आणि वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा ऐन वेळी अडकून बसू शकते.

आता तिसऱ्या पिनेच्या पलीकडे, भिंतीच्या आत काय आहे? जुन्या इमारतींत अनेकदा काहीच नसतं. पूर्वी वायरमन अर्थची वायर लोखंडी नळाला बांधून मोकळे व्हायचे. नळ जमिनीत जायचा, काम भागायचं. पुढे नळ गंजले, प्लंबरने पीव्हीसीचे पाइप टाकले आणि इमारतीचं अर्थिंग त्याच दिवशी संपलं. कुणाला कळलंही नाही, कारण अर्थिंग गेल्याने दिवे बंद पडत नाहीत, गाणंही थांबत नाही. त्याच्या नसण्याची बातमी अपघातच देतो.

नीट केलेल्या अर्थिंगचा खड्डा ही पाहण्यासारखी गोष्ट असते. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे प्लेट अर्थिंगसाठी किमान ६० सेंटिमीटर लांब-रुंद पत्रा लागतो. तांब्याचा असेल तर ३.१५ मिलिमीटर जाड, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असेल तर ६.३ मिलिमीटर. त्याची वरची कडा जमिनीखाली किमान दीड मीटर. भोवती कोळसा आणि मीठ घालण्याची पद्धत जुनी आहे, कारण माती ओली आणि क्षारयुक्त असली तरच वीज वाहून नेते. उन्हाळ्यात मराठवाड्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात तेव्हा खड्ड्यातली माती सुकून अर्थिंग दुबळं होतं. म्हणून खड्ड्याला पाइप ठेवलेला असतो आणि त्यात पाणी ओतायचं असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामावर दोन तास बोलणं होतं, या पाइपात पाणी कोण घालतो हे कुणी विचारत नाही.

काही मिस्त्री सोपा मार्ग काढतात. सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकतात. टेस्टर लावला तर सगळं व्यवस्थित दिसतं. पण कुठे न्यूट्रल तुटला, की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगावर फेज येतो. अर्थिंग नसलेलं घर एक वेळ परवडलं; असं अर्थिंग असलेलं घर त्याहून धोकादायक आहे.

परदेशी ॲम्प्लिफायर विकत घेणाऱ्यांच्या घरात आणखी एक फसगत होते. युरोपीय यंत्रांना दोन जाड गोल पिनांचा प्लग येतो. त्याचं अर्थिंग पिनेत नसतं, प्लगच्या कडांना असलेल्या दोन पट्ट्यांत असतं. तो प्लग आपल्या ‘सगळं बसतं’ छापाच्या एक्स्टेन्शन बोर्डात सहज घुसतो आणि यंत्र सुरूही होतं. पण त्या पट्ट्यांना इथे टेकायला काहीच नसतं. लाखभराचं यंत्र अर्थिंगशिवाय चालत राहतं. उपाय अगदी स्वस्त आहे. बहुतेक यंत्रांची पॉवर कॉर्ड मागून सुटी होते. तिच्या जागी भारतीय तीन पिनांची, संगणकाला असते तशी कॉर्ड लावायची.

ज्या यंत्रांना मुळातच दोन पिना असतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थची गरज नाही. सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर या गटातले. तरीही त्यांच्या धातूला बोटाची मागची बाजू हळूच घासली की झिणझिण्या येतात. आतल्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट दाबण्यासाठी छोटे कॅपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांच्यातून अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी प्रवाह झिरपत असतो. माणसाला त्याचा धोका नाही. पण या तरंगणाऱ्या सांगाड्यावर मेन्सच्या अर्ध्याच्या आसपास, म्हणजे शंभरेक व्होल्टचा दाब मोजायला मिळतो, आणि तो एचडीएमआयच्या नाजूक चिपला सोसवत नाही. केबल चालू यंत्रात घालताना पोर्ट मेल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हे असतं. लाल-पांढऱ्या आरसीए केबलची रचनाही तशीच आडमुठी आहे. तिची मधली सिग्नलची पिन आधी टेकते, बाहेरची कडी नंतर. त्या क्षणभराच्या अंतरात स्पीकरमधून भयंकर घर्र आवाज येतो आणि त्यात ट्वीटर जाऊ शकतो. आधी सगळ्या केबली, मग वीज, हा क्रम त्यामुळे आहे.

इथे ती कुप्रसिद्ध ‘घूंऽऽ’ येते. नवा ॲम्प्लिफायर जोडला, टीव्हीची केबल लावली आणि स्पीकरमधून सतत खर्जातला आवाज सुरू झाला. ५० हर्ट्झचा हा आवाज पियानोच्या सर्वांत खालच्या ‘जी’ स्वराच्या अगदी जवळ पडतो, त्यामुळे शांत आलापीत तो लपत नाही. कारण असं: दोन यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीशी जोडली गेली, आणि मधल्या सिग्नल केबलच्या जाळीने वर्तुळ पुरं केलं. दोन जमिनींमधला किंचित फरक त्या जाळीतून वाहतो आणि गाण्यात मिसळतो. डिशची किंवा केबलवाल्याची कोॲक्सिअल वायर हे अशा वर्तुळाचं नेहमीचं दुसरं टोक.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘प्लगची अर्थ पिन काढून टाका’. पिन काढली की घूं खरोखर थांबते, आणि म्हणूनच हा सल्ला इतका टिकाऊ आहे. आवाज थांबतो, पण स्वान्सीच्या मंचावर जी परिस्थिती होती तीच घरात तयार होते. हा सल्ला कुणीही, कितीही अनुभवी माणसाने दिला तरी तो ऐकू नये. सगळी यंत्रं एकाच बोर्डवरून घेतली तर बऱ्याच घरांतली घूं तिथेच मिटते. उरली तर सिग्नलच्या वाटेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. तो सिग्नल जाऊ देतो, पण दोन सांगाड्यांमधला धातूचा दुवा तोडतो. कोॲक्सिअल वायरसाठीही असे आयसोलेटर मिळतात. आणि आवाज स्पीकरमधून न येता ॲम्प्लिफायरच्या खोक्यातूनच येत असेल तर सगळी चौकशीच वेगळी. तिथे ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरत असतो. शेजारच्या खोलीत अर्ध्या वेगावर हेअर ड्रायर लावला की गोल आकाराचे ट्रान्सफॉर्मर असे गुरगुरतात, कारण असे काही ड्रायर विजेच्या लाटेचा एकच अर्धा भाग वापरतात.

अर्थिंग माणसाला वाचवतं. यंत्राचा खरा शत्रू आपल्याकडे दुसराच आहे, आणि तो आहे तुटलेला न्यूट्रल.

खांबावरून किंवा मीटरच्या खोलीतून इमारतीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतात. प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट मिळतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट असतात. आता सामाईक न्यूट्रलचा जोड गंजला, सैल झाला किंवा वादळात तार तुटली असं समजा. दोन घरं आता दोन फेजच्या मध्ये एकापुढे एक अशी जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. एका घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्या घरात फक्त १०० वॅटची साऊंड सिस्टीम. गणित केलं तर गीझरच्या वाट्याला १९ व्होल्ट येतात आणि साऊंड सिस्टीमच्या वाट्याला ३८१. ज्याच्या घरात कमी वीज चालू, त्याचं नुकसान जास्त. सकाळी गीझरच्या वेळी रेडिओ लावून बसलेल्या माणसाची यात काहीच चूक नसते.

‘आमच्या चाळीतले सगळे टीव्ही एकाच दिवशी उडाले’ अशा ज्या हकिकती महाराष्ट्रात गावोगाव ऐकू येतात, त्यांच्यामागे बऱ्याचदा वीज पडलेली नसते, न्यूट्रल गेलेला असतो. खूण ओळखीची आहे. काही दिवे लखलखीत, काही मंद, पंखा एकदम जोरात. असं दिसलं की कारण शोधत बसू नये. आधी मेन स्विच खाली.

इथे बाजारातला स्पाइक गार्ड कामाचा नाही. उलट तोच पेटण्याची भीती असते. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची निळी किंवा पिवळी चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे ज्यांचे ‘नॅशनल’चे टेपरेकॉर्डर एकेकाळी आपल्याकडे फार मानाने आणले जायचे त्यांच्याकडे, मिचिओ मात्सुओका यांना १९६०च्या दशकात या सिरॅमिकचा विलक्षण गुण सापडला, आणि १९७१ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ठराविक दाबापर्यंत ही चकती वीज अडवते. दाब त्यापुढे गेला की एका क्षणात वाहू लागते आणि जादा लोंढा बाजूला वळवते. धरणाच्या सांडव्यासारखं तिचं काम आहे: पूर ओसरेपर्यंत पाणी सोडायचं.

पण हा सांडवा सेकंदाच्या लाखाव्या भागातल्या पुरासाठी बांधलेला आहे. आपल्याकडच्या चकत्या साधारण २७५ व्होल्टला नेमलेल्या असतात. न्यूट्रल तुटून ३८१ व्होल्ट मिनिटभर राहिले, तर ती चकती प्रत्येक लाटेला वाहत राहते, लालबुंद होते आणि फुटते. जवळ प्लास्टिक आणि पडदा. म्हणून स्पाइक गार्ड घेताना आत थर्मल फ्यूज आहे का हे विचारावं. शिवाय चकती प्रत्येक झटक्यागणिक थोडी थोडी झिजते. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या बोर्डचा लाल दिवा अजून लागतो, एवढ्यावरून आतलं संरक्षण शाबूत आहे असं समजता येत नाही.

न्यूट्रलवरचा इलाज आहे तो जादा आणि कमी व्होल्टेज पाहून वीज तोडणारा रिले. तो डिस्ट्रिब्युशन बोर्डात एमसीबीच्या शेजारीच बसतो. दाब साधारण २७० च्या वर किंवा १७०-१८० च्या खाली गेला की तो घराची वीज तोडतो, आणि दाब स्थिरावल्यावर थोडा वेळ थांबून जोडतो. संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाने पहिला खर्च आरसीसीबीवर आणि दुसरा याच्यावर करावा, असं या लेखकाचं ठाम मत आहे. स्पीकर केबल त्यानंतर.

विजेच्या कडकडाटाचा प्रश्न अर्थात आहेच. एप्रिल-मेमधला वळीव आणि मृगाच्या आधीचं गडगडणारं आभाळ यांत विदर्भ-मराठवाड्यात दरवर्षी माणसं दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप काढलं ते त्यासाठीच. वीज थेट घरावर पडावी लागत नाही. दूरच्या खांबाजवळ पडली तरी तारांतून हजारो व्होल्टचा झटका धावतो. तो दोन दारांनी घरात शिरतो: एक विजेच्या तारेतून, दुसरा डिशच्या किंवा केबलच्या वायरीतून.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतले फ्रांस्वा मार्त्सलॉफ यांनी आयुष्यभर या झटक्यांचा अभ्यास केला. २००१ मध्ये संस्थेने घरगुती वापरासाठी काढलेल्या पुस्तिकेचे ते एक लेखक. त्यांनी वारंवार दाखवलेली गोष्ट अशी: स्पाइक गार्ड विजेच्या तारेतला लोंढा अर्थकडे वळवतो, तेव्हा त्या यंत्राच्या अर्थचा दाब क्षणभर वर उचलला जातो. केबलच्या वायरीच्या अर्थचा दाब मात्र खालीच राहतो. या फरकाचा प्रवाह मग सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. म्हणजे महागडा गार्ड लावूनही यंत्र जळतं, आणि दुकानदार म्हणतो गार्ड तर ठीक आहे. विजेची तार आणि कोॲक्सिअल वायर दोन्ही एकाच गार्डमधून न्याव्यात, म्हणजे दोघींचं अर्थ एकत्र वर-खाली होतं. इंटरनेट फायबरने आलं असेल तर ती एक काळजी मिटली. काच वीज वाहून नेत नाही. आणि आभाळ गडगडू लागलं, की प्लग आणि डिशची वायर दोन्ही ओढून काढणं या सगळ्यांहून भरवशाचं. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जो दाब आभाळातून खाली येऊ शकला, त्याला स्विचमधली काही मिलिमीटरची फट काय अडवणार?

दाब वाढतो तसा कमीही होतो. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला सहा टक्के वर-खाली एवढीच मुभा होती, म्हणजे २३० धरले तर साधारण २१६ ते २४४. कृषिपंपांच्या हंगामात गावाच्या टोकाच्या घरात १८० येतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला तेव्हा ७८ टक्के दाब मिळतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर ६१ वॅटचा उरतो. ऐकणारा आवाजाची कळ फिरवतो, लाटांचे माथे कापले जातात, आणि त्या कापलेल्या लाटेतली कर्कश ऊर्जा ट्वीटरला जाळते. कमी दाबाने स्पीकर जळतो हे उलटं वाटतं, पण तसं घडतं. इथे स्टॅबिलायझर उपयोगी आहे. रिलेवाल्याची टक्-टक् शांत गाण्यात कधी स्पीकरमधूनही येते. सर्व्हो स्टॅबिलायझर महाग असला तरी त्याचा बदल सलग असतो.

इन्व्हर्टरचं गणित आणखी निराळं. महाराष्ट्रात २००५च्या सुमारास भारनियमनाचे तास वाढले तसे घरोघर इन्व्हर्टर आले, आणि त्यांतले अनेक चौकोनी लाटेचे होते. मेन्सची लाट गोलाईदार असते. २३० व्होल्ट म्हणतो तिचा माथा प्रत्यक्षात ३२५ व्होल्टला असतो, आणि ॲम्प्लिफायरचे कॅपॅसिटर त्या माथ्यापर्यंत भरतात. चौकोनी लाटेचा माथा २३० वरच सपाट. म्हणजे आतला दाब जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरला. शिवाय तिच्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झचे उपस्वर भरलेले असतात. ट्रान्सफॉर्मर तापतो आणि स्पीकर भुणभुणतो. गाणं ऐकायचं असेल तर साईन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा.

न्यू जर्सीहून किंवा टोकियोहून घरी आणलेली यंत्रं हा मराठी घरांतला खास विषय. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००. जपानी ॲम्प्लिफायर चुकून आपल्या सॉकेटमध्ये घातला तर पहिल्याच सेकंदाला खेळ आटोपतो. म्हणून मुंबईच्या चोर बाजारात जुनं यंत्र घेताना मागची पट्टी आधी वाचावी. काहींना दाब बदलण्याची चकती असते आणि तीही कुणीतरी फिरवून ठेवलेली असू शकते. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून दाबाचा प्रश्न सुटतो, वारंवारितेचा नाही. ६० हर्ट्झवर चालणाऱ्या सिंक्रोनस मोटरच्या जुन्या टर्नटेबलवर ३३⅓ फेऱ्यांची तबकडी आपल्याकडे २७.८ फेऱ्यांनीच फिरते. गायकाचा षड्ज सुमारे तीन अर्धस्वर खाली येतो.

या पार्श्वभूमीवर एक गंमतशीर पण खरी बातमी आठवते. २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जपानमधल्या अशा श्रोत्यांवर लेख छापला, ज्यांनी शेजाऱ्यांच्या यंत्रांचा गोंगाट आपल्या विजेत येऊ नये म्हणून अंगणात स्वतःचा वेगळा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभारून घेतला होता. त्यांची तळमळ खरी आहे, तिला हसण्याचं कारण नाही. पण आपल्याकडे जेव्हा शेवटच्या दोन मीटरसाठी हजारो रुपयांची पॉवर केबल विकली जाते, तेव्हा त्याआधीचे कित्येक किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारा आणि भिंतीतला सैल स्क्रू तसेच असतात. तो स्क्रू आवळून घेतल्याने फरक पडतो, आणि तो मोजताही येतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. ॲम्प्लिफायरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर दर दहा अंश वाढीला निम्मं आयुष्य गमावतात. ८५ अंशांना २००० तास असं लिहिलेला कॅपॅसिटर आतलं तापमान ४५ अंश असेल तर ३२,००० तास जगेल, ६५ अंश असेल तर ८,००० तास. रोज चार तास ऐकणाऱ्याच्या हिशेबात हा बावीस वर्षं आणि साडेपाच वर्षं एवढा फरक आहे. काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला आणि वर क्रोशाचा रुमाल घातलेला ॲम्प्लिफायर दुसऱ्या गटात जातो. मागच्या फटी मोकळ्या हव्यात. पण कोकणात त्या फटींतून उबेसाठी पाल आत शिरते आणि सर्किटवर आडवी पडून स्वतःसकट यंत्र संपवते. बारीक धातूची जाळी, हवा अडणार नाही अशी, तिथे लावता येते. फ्यूज उडाला तर मागच्या पट्टीवर लिहिलेल्याच आकड्याचा आणि त्याच अक्षराचा घालायचा. ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा; ट्रान्सफॉर्मर सुरू होताना जो क्षणिक प्रवाह ओढतो तो त्याला सोसतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज हा फ्यूजच राहत नाही.

आणि माळ्यावर वीस वर्षं पडलेला ॲम्प्लिफायर किंवा वाल्व्हचा रेडिओ एकदम प्लगला लावू नये. वापराविना कॅपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर विरतो, आणि पूर्ण दाब अचानक आला की तो फुटतो. उघडून पाहणंही जपून: प्लग काढल्यावरसुद्धा वाल्व्हच्या यंत्रात तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. म्हणूनच जुने कारागीर चालू यंत्रात काम करताना एक हात खिशात ठेवायला शिकवत, प्रवाहाला छातीतून वाट मिळू नये म्हणून. पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारातून सामान आणून दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलावर अजून ‘सिरीज बोर्ड’ दिसतो. त्यात फेजच्या वाटेत एक १०० वॅटचा तारेचा बल्ब असतो आणि त्याच्यापुढे सॉकेट. जुनं यंत्र आधी त्या सॉकेटला लावायचं. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर कॅपॅसिटर भरले आणि आत ठीक आहे. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि सगळा दाब बल्बने स्वतःवर घेतल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. एलईडी दिवा हे काम करू शकत नाही. तापल्यावर ज्याचा रोध वाढतो अशी टंगस्टनची तारच त्यासाठी लागते. मोठ्या ॲम्प्लिफायरला २०० वॅटचा बल्ब घ्यावा, कारण १०० वॅटचा त्याला सुरूच होऊ देत नाही.